पहिल्या लाईनची सर्दी

"सर, सर्दी किती दिवसांत जाते ते नका सांगू. एकोणतीस दिवसांनी मले आठशे मीटर पयता येईन का नाई, तेवढं सांगा."

वैशाली समोरच्या स्टुलावर बसून एवढं बोलली आणि रुमालात दोनदा शिंकली.

मी छातीच्या विकारांचा डॉक्टर. अमरावतीत कठोरा रोडला माझं क्लिनिक आहे. दमा, टीबी, न्यूमोनिया, विडी ओढून खराब केलेली फुप्फुसं, हे माझं रोजचं काम. साधी सर्दी घेऊन माझ्याकडे सहसा कोणी येत नाही. सर्दीसाठी लोक मेडिकलवाल्याला विचारतात, आणि खरं सांगायचं तर त्यात त्यांचं फारसं बिघडत नाही. पण वैशाली त्या पंधरवड्यातली चौथी मुलगी होती. चौघींची तक्रार एक, आणि चौघी एकाच ग्राउंडच्या.

आमच्या गावात ग्राउंड म्हणजे पोलीस भरतीची तयारी. शहराबाहेरची मोकळी मैदानं अशा अकॅडम्यांनी भरलेली असतात. आसपासच्या तालुक्यांतून आलेल्या मुली चार-पाच जणी मिळून एक खोली करतात. सकाळी धावायचं, गोळा फेकायचा, दुपारी लेखीचा अभ्यास करायचा आणि संध्याकाळी पुन्हा ग्राउंडवर जायचं. वैशाली नांदगाव खंडेश्वरची. बी.एस्सी. झालेली, बोलायला सरळ. आधीच्या दोन भरत्यांत थोडक्यात राहिली होती. पुढच्या भरतीला ती वयाच्या अटीत बसणार नव्हती, म्हणजे ही शेवटचीच. शारीरिक चाचणी अकोल्याला होती. मुलींना आठशे मीटर, शंभर मीटर आणि गोळाफेक.

"घरचे काय म्हणतात?" मी विचारलं.

"आई म्हणते, झालं तं झालं. नाई तं उन्हाळ्यात पाहुणे बोलावून राहिली ते."

पाहुणे म्हणजे तिला पाहायला येणारे. पुढं काही विचारायची गरज नव्हती.

मी तपासलं. ताप नव्हता, घसा लाल होता, छाती स्वच्छ. दिवाळीनंतरची ही तिसरी सर्दी, असं ती म्हणाली. मी तिला आमच्या धंद्यातला एक सोपा नियम सांगितला. त्याला आम्ही मानेचा नियम म्हणतो. त्रास मानेच्या वर असेल, म्हणजे नाक वाहतंय, घसा खवखवतोय, तर हलका व्यायाम चालतो. त्रास मानेच्या खाली उतरला, छातीत कफ आला, अंग मोडून आलं किंवा ताप आला, की व्यायाम बंद. पूर्ण बंद.

"हलकं म्हणजे किती?"

"बोलता बोलता धावता येईल इतकं."

तिच्या चेहऱ्यावरून दिसलं की असलं धावणं ती धावण्यात धरत नाही.

मग मी आधीच्या तिघींची नावं सांगून विचारलं, या तुझ्या खोलीतल्या का? ती म्हणाली, नाही, खोल्या वेगळ्या. पण चौघी पहिल्या लाईनच्या.

"पहिली लाईन म्हणजे?"

"उस्ताद रनिंगच्या लाईनी करतात ना. सगळ्यात फास्ट ज्या सहाजणी, त्या पहिल्या लाईनीत. आमी बाकीच्यांपेक्षा चार राउंड जास्त मारतो."

"बाकीच्या लाईनींत सर्दी नाही?"

"असन थोडीफार. आमच्यासारखी नाई."

इथं माझे कान टवकारले. कारण सांगतो. व्यायाम आणि सर्दी यांचं नातं सरळ नाही. आपल्या रक्तात रोगजंतूंना शोधणाऱ्या पेशी असतात. त्यांतल्या बऱ्याच एरवी आपापल्या जागी आराम करत असतात. माणूस झपाझप चालला, थोडा घाम आला, की त्या रक्तात उतरतात आणि शरीरभर गस्त घालतात. म्हणून रोज नेमानं चालणाऱ्याला बसून राहणाऱ्यापेक्षा सर्दी-खोकला कमी होतो, झाला तरी लवकर आवरतो. छत्री तलावाच्या रस्त्यावर रोज सकाळी फिरणारी मंडळी हे मला स्वतःच ऐकवत असतात, आणि ते खरं आहे. पण व्यायाम फारच वाढला, झोप आणि जेवण त्याला पुरेनासं झालं, तर गणित उलटं फिरतं असं आम्ही शिकलो. त्याचा आलेख इंग्रजी जे अक्षरासारखा काढतात. बसणाऱ्याला धोका मध्यम, चालणाऱ्याला कमी, आणि शरीर पिळून काढणाऱ्याला सगळ्यात जास्त.

मी प्रिस्क्रिप्शनच्या मागच्या बाजूला तो आलेख काढला. उभ्या दांडीच्या वरच्या टोकावर चार ठिपके दिले. सगळ्यात जास्त धावणाऱ्या मुली सगळ्यात जास्त आजारी. पेशंट पुस्तकातून उठून समोर येऊन बसल्यासारखं वाटलं. असं वाटतं तेव्हाच डॉक्टरनं सावध व्हायचं असतं. मी झालो नाही. उलट खूश झालो.

"तुमच्या उस्तादांना माझ्याकडे पाठव," मी तिला सांगितलं.

वानखडे उस्ताद दुसऱ्याच दिवशी आले. फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झालेले, साठीचे. फौजेत शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात, ते नाव त्यांना इथंही चिकटलं होतं. त्यांच्या बायकोचा दमा मी बरीच वर्षं सांभाळत होतो, म्हणून आले. नाही तर आले नसते. खुर्ची दाखवली तरी बसले नाहीत.

मी आधी नेहमीचे प्रश्न विचारले. मुली पाणी कशातून पितात?

"कॅनवर एक मग आहे."

"एकच?"

"एकच. पण वरून प्यायचं. मगाले कोणाचा ओठ लागला तं त्या दिवशी तिले पाच राउंड जास्त. माह्या ग्राउंडवर उष्टं चालत नाई, साहेब."

मी मनातल्या मनात त्यांना शंभर मार्क दिले आणि तो मुद्दा खोडून टाकला. टॉवेल? प्रत्येकीचा वेगळा. खोल्या? पहिल्या लाईनच्या सहाजणी चार वेगवेगळ्या खोल्यांत. म्हणजे माझ्या हिशेबानं एकच गोष्ट उरली. धावणं.

"उस्ताद, पहिल्या लाईनचं रनिंग अर्धं करा. पंधरा दिवस."

"अर्धं? चाचणी तोंडावर आली, अन् तुमी पोट्ट्या बसवून ठेवा म्हणता?"

"बसवा नाही म्हणत. अर्धं करा म्हणतो. शरीर थकलं की प्रतिकारशक्ती उतरते."

"मले एक सांगा. मी फौजेत इतकी वर्सं पयलो. मले काऊन नाई झाली सर्दी?"

"तुमची झोप पूर्ण होत असेल."

"फौजेत झोप कोणाची पूर्ण होते, साहेब?"

मी कालचा कागद काढला. आलेख दाखवला. आलेख दाखवला की समोरचा माणूस गप्प होतो हा माझा अनुभव आहे, पटलं म्हणून नव्हे. उस्तादांनी कागद उलटा-सुलटा करून पाहिला, घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाले, "तुमी डॉक्टर आहे. करतो अर्धं. पण पोट्टीचा टायमिंग गेला तं जबाबदारी कोणाची, तेवढं तुमच्या ध्यानात असू द्या."

त्या रविवारी अकोल्यात आमच्या डॉक्टर मंडळींची बैठक होती. मला अर्धा तास बोलायचं होतं. विषय मीच निवडला होता, व्यायाम आणि श्वसनमार्गाचे संसर्ग. मी त्या चौघींचे ठिपके एका स्लाइडवर टाकले. नावं अर्थातच नाहीत. स्लाइड झकास झाली होती. भाषणानंतर मागच्या रांगेतल्या एका वयस्कर डॉक्टरबाईंनी हात वर केला.

"त्या चौघींत धावण्याशिवाय आणखी काय सारखं आहे?"

"तपासलं मी. पाणी, टॉवेल, खोल्या, काहीच नाही."

"तुम्ही ग्राउंड पाहिलं?"

मी म्हणालो, हिस्टरी सविस्तर घेतली आहे. हिस्टरी म्हणजे पेशंटला प्रश्न विचारून काढलेली माहिती. बाईंनी मान हलवली. जेवणाची वेळ झाली होती, लोक उठले.

पंधरा दिवसांनी वैशाली पुन्हा आली. यावेळी स्टुलावर बसताना तिनं टेबलाचा आधार घेतला. ताप एकशे एक. नाडी बसल्याजागी एकशे दहाच्या वर. पाठीला स्टेथोस्कोप लावला तर दोन्ही बाजूंना खाली खरखर. सर्दी मानेखाली उतरली होती.

"बाकीच्यांचं काय?"

"आणखी दोघी पडल्या. पहिल्या लाईनीतली आता कोणीच राहिली नाई."

"रनिंग अर्धं केलं होतं ना?"

"हाव. पहिल्या दिवसापासून. अर्ध्यानं माहा टायमिंग गेला, सर. आठशेले सात सेकंद जास्त लागून राहिले."

धावणं अर्धं झालं होतं, सर्दी मात्र जशीच्या तशी राहिली होती. वर तिचे सात सेकंद मी घालवले होते. मला ते ऐकून बरं वाटलं नाही.

मी एक्स-रे आणि ईसीजी काढायला सांगितला. एक्स-रे ठीक होता, न्यूमोनिया नव्हता. ईसीजीही ठीक होता. तो का काढला ते सांगतो. सर्दी-तापाचा विषाणू कधी कधी हृदयाच्या स्नायूला सूज आणतो. क्वचितच आणतो. पण त्या सुजेवर माणूस जोरात धावला तर हृदयाचा ठोका चुकतो, आणि धडधाकट दिसणारा माणूस मैदानावर कोसळतो. म्हणून तापात धावायचं नाही. आमच्या शास्त्रात बरेच मुद्दे वादाचे आहेत, हा नाही.

"शेवटचं कधी धावलीस?"

"आज सकाळी."

"या तापात?"

"गोळी घेऊन गेली होती. घाम आला तं उतरला थोडा."

मी तिच्यावर ओरडलो. खरं म्हणजे मी घाबरलो होतो, पण डॉक्टर घाबरला की आवाज चढवतो. तिनं ऐकून घेतलं आणि खाली मान घालून म्हणाली, "एक दिवस नाई गेलं का शिट्टी जाते, सर."

"काय जाते?"

"शिट्टी. पहिल्या लाईनीची. गैरहजर राहिलं का आपला नंबर दुसरीले जाते. मंग पुन्हा शेवटून चढत या."

तिनं जास्त सांगितलं नाही, मीही जास्त विचारलं नाही. सात दिवस धावणं बंद, एवढं लिहून दिलं. ती रडली नाही. टेबलावरचं कॅलेंडर स्वतःकडे वळवून घेतलं आणि बोटानं दिवस मोजले.

"चौदा राहिले. सात गेले तं सात."

"ताप उतरल्यावर आधी चालायचं, मग हळू धावायचं, मग जोरात. उलट नाही."

"अन् नाई जमलं तं?"

"नाही जमलं तर पुढं पाहू," मी म्हणालो. तिच्यासाठी पुढं काही नव्हतं, हे मला माहीत होतं आणि तिलाही. तरी बोलून गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ग्राउंडवर गेलो. इतक्या वर्षांत पेशंट कुठून येतो ते बघायला मी पहिल्यांदाच गेलो असेन. थंडी चांगली होती. उस्ताद मधोमध उभे होते, हात पाठीमागे. चार लाईनी गोल धावत होत्या. पहिल्या लाईनीत जुन्या तिघी होत्या, खोकत होत्या, आणि तिघी नव्या. सगळ्यात पुढची मुलगी तोंडात शिट्टी धरून धावत होती. दोन लहान, एक लांब. दोन लहान, एक लांब. त्या तालावर सगळ्यांचे पाय पडत होते. बघायला छान वाटत होतं.

राउंड संपला. पुढच्या मुलीनं शिट्टी तोंडातून काढली, हात मागे केला. दुसरीनं ती घेतली, हवेत एकदा झटकली, तोंडात धरली आणि पुढं आली. पहिली मुलगी लाईनीच्या शेवटाला गेली. पुढच्या राउंडला तिसरी. मग चौथी.

मी तिथंच कट्ट्यावर बसलो आणि सहाही राउंड पाहिले. शिट्टी सहा तोंडांतून फिरून परत पहिलीच्या तोंडात आली. दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या लाईनीत शिट्टी नव्हती. त्या पहिल्या लाईनीच्या शिट्टीवर धावत होत्या.

म्हणजे सगळ्यात जास्त धावणाऱ्या मुली सगळ्यात जास्त आजारी पडत होत्या, हे बरोबरच होतं. फक्त, जी जास्त धावते तिला शिट्टी मिळते, एवढं मला माहीत नव्हतं. माझ्या सुंदर आलेखाच्या टोकावर जे चार ठिपके होते, त्या चारही ठिपक्यांच्या तोंडात एकच शिट्टी होती. मगाला ओठ लागला तर पाच राउंड, आणि शिट्टी दिवसातून दोन वेळा सगळ्यांची उष्टी.

उस्ताद माझ्याकडे आले. "पाहाले आले का, साहेब? पाहा. अर्धंच आहे. तुमी म्हटलं तसं."

"उस्ताद, ही शिट्टी कोणाची?"

त्यांनी मुलींना थांबवलं आणि शिट्टी मागून घेतली. पितळेची होती, जुनी, कडा घासून गुळगुळीत झालेल्या. "माही. पहिल्या पोस्टिंगची. माह्या उस्तादानं देली होती मले. पहिल्या लाईनीलेच देतो मी. सोन्याचा बिल्ला देला तरी पोट्ट्या इतक्या पयनार नाई."

"तुम्ही वाजवता ही?"

"आता नाई. मी आवाज देतो. शिट्टी त्यांची."

"म्हणून तुम्हाला सर्दी नाही," मी म्हणालो.

त्यांना कळायला थोडा वेळ लागला. मी समजावलं. सर्दीचा विषाणू नाकात आणि लाळेत असतो. धावताना माणूस जोरात फुंकतो, शिट्टीच्या आत ते सगळं साचतं. दुसरी तीच शिट्टी लगेच तोंडात धरते आणि मग खोल श्वास घेते, कारण ती धावत असते. झटकून काही होत नाही. मगाला ओठ लावू देत नाही हे तुमचं उत्तम, पण मगातलं पाणी प्यायला ओठ लावावाच लागत नाही, शिट्टीला लावावा लागतो.

उस्तादांनी शिट्टी पालथी करून आत पाहिलं. मग मला वाटलं होतं तेच बोलले. "म्हंजे तुमी माह्या पोट्ट्यांचं रनिंग फुकटच अर्धं केलं."

"हो."

"अन् माही शिट्टी पंधरा दिवस फिरतच राहिली."

"हो. त्या दिवशी क्लिनिकमध्ये बसूनच सांगितलं मी. इथं यायला पाहिजे होतं. माझं चुकलं."

माणसाची माफी मागितली की पुढचं बोलणं सोपं होतं. ते बसले, माझ्या शेजारी, कट्ट्यावर. त्या महिन्यात मी त्यांना पहिल्यांदाच बसलेलं पाहिलं.

"मंग आता? ज्याची त्याची शिट्टी देतो. दुकानात प्लास्टिकच्या भेटतात. पण मानाचं काय करू? सगळ्यांजवळ शिट्टी असन, तं पहिल्या लाईनीत याले कोण पयते?"

हा प्रश्न माझ्या शास्त्रात नव्हता. उपाय त्यांनीच काढला, दोन दिवस विचार करून. पितळी शिट्टीला लाल दोरी लावली. ज्या मुलीचा राउंड, तिच्या गळ्यात ती दोरी. वाजवायची मात्र प्रत्येकीनं आपापली प्लास्टिकची. पितळी शिट्टी ओठाला लावली तर पाच राउंड. आणि ताप असून जी ग्राउंडवर येईल तिला पहिल्या लाईनीतून थेट शेवटच्या लाईनीत. सांगून घरी राहील तिची जागा तशीच. हा शेवटचा नियम मी मागितला होता. उस्तादांना तो पटला नाही, पण त्यांनी पाळला.

जानेवारी संपेपर्यंत त्या ग्राउंडवरून माझ्याकडे आणखी एकच मुलगी आली, ती पाय मुरगळून. तिला मी हाडांच्या डॉक्टरकडे पाठवलं. हे सगळं शिट्टी थांबल्यामुळंच झालं असं मी शपथेवर सांगणार नाही. थंडीही ओसरत होती. खोल्यांच्या खिडक्या दिवसा उघड्या ठेवायलाही मी सांगितलं होतं. आणि त्या ‘जे’ अक्षराच्या आलेखाची भानगडही खोटी नाही. झोप मोडून, अर्धपोटी राहून शरीर पिळणाऱ्याला त्रास होतोच. फक्त, जोराच्या व्यायामानंतर रक्तातल्या पेशी कमी दिसतात त्या मेलेल्या असतात असं पूर्वी वाटायचं. आता बरेच जण म्हणतात, त्या फुप्फुसांत आणि आतड्यांत कामावर गेलेल्या असतात. वाद चालू आहे. मी त्या वादातलं मला सोयीचं तेवढं उचललं होतं.

वैशालीचं मला जास्त लागलं होतं. तिचा ताप चौथ्या दिवशी उतरला. तिनं खरोखरच सात दिवस पाळले. आई नांदगावहून येऊन राहिली होती, तिनं बूट लपवून ठेवले असं नंतर कळलं. आठव्या दिवशी चालली, नवव्या दिवशी बोलता बोलता धावली. अकराव्या दिवशी उस्तादांनी वेळ लावली. तिच्या जुन्या सर्वोत्तम वेळेपेक्षा पाच सेकंद जास्त. तिनं मला फोन करून एवढाच आकडा सांगितला आणि ठेवून दिला.

चाचणीच्या दिवशी मी ओपीडी नेहमीप्रमाणे केली. दुपारी अडीचच्या सुमारास अकोल्याहून फोन आला.

"झालं, सर."

"किती?"

"तीन सेकंद जास्त. गोळ्यात भरून काढलं. खोकला नाई आला."

"छातीत दुखलं? चक्कर?"

"नाई. तुमाले तेवढंच पडलं असते."

"मला तेवढंच कळतं."

ती हसली. मागं कोणीतरी हाक मारत होतं, तिनं फोन ठेवला. मी पुढचा पेशंट घेतला. त्याची विडी सुटत नव्हती, आणि त्या दिवशी मी त्याच्यावर ओरडलो नाही.

पुढं लेखी झाली, यादी लागली. वैशालीचं नाव शेवटून तिसरं होतं. उस्ताद पेढे घेऊन आले आणि यावेळी न सांगता बसले. "ते सात सेकंद घालवले नसते तं वर असती ते," म्हणाले. मी म्हणालो, तापात धावली असती तर कदाचित यादीतच नसती. दोघांचंही बहुतेक खरं असावं. पेढे चांगले होते.

अकोल्याच्या त्या डॉक्टरबाईंना मी पत्र लिहिलं. स्लाइड आता मी वापरतो, पण बदलून. आधी ठिपके दाखवतो, ऐकणाऱ्यांना कारण विचारतो. सगळे धावण्याचं नाव घेतात. मग शिट्टीचा फोटो दाखवतो.

वैशाली ट्रेनिंग संपवून आली ती सरळ युनिफॉर्मवर. क्लिनिकमध्ये बसलेले लोक उगाच सावरून बसले. तब्येत उत्तम होती, तक्रार काही नव्हती, दाखवायला आली होती. खांद्यावरून खिशात गेलेली दोरी होती, पोलिसांच्या युनिफॉर्मला असते ती. तिनं दोरी ओढली आणि खिशातून शिट्टी बाहेर काढली.

"ट्रेनिंगले एकीनं मागितली, सर. तिची हरवली होती."

"मग?"

"नाई देली. म्हटलं, उस्तादाची असती तरी नसती देली."

शिट्टी तिनं परत खिशात ठेवली आणि बटण लावलं.